भिंगरी शांत झाली

आठ वर्षांच्या त्या मुलीला घरी-दारी सगळे भिंगरीच म्हणत. वर्गात ती दहा मिनिटं एका जागी बसली, तर बाई तिच्या कपाळाला हात लावून ताप बघायच्या. पेन्सिली हरवायच्या, वह्या अर्ध्या राहायच्या आणि दर शनिवारी आईला शाळेतून बोलावणं यायचं.

आई शर्टांच्या कारखान्यात तपासणीला होती. सुटलेला टाका, वाकडं काज, काही म्हणता काही तिच्या नजरेतून निसटत नसे. पोटच्या पोरीतला दोष तेवढा सापडत नव्हता. मग कुणा आहारसल्लागार बाईंनी सांगितलं, "हे सगळं खाण्यातून येतं." आईला हवं ते सापडलं.

आधी रंगीत गोळ्या बंद झाल्या. मग साखर, दूध, गहू, अंडी, टोमॅटो. उरला मोकळा भात, उकडलेला भोपळा आणि नासपती.

"अगं, वाढतं पोर आहे," बाबा एकदा म्हणाले. ते बस चालवायचे, दिवसभर बाहेरच असायचे.

"शाळेत बोलणी कोण खातं? तुम्ही की मी?"

बाबा डबा उचलून कामावर निघाले.

दोन महिन्यांत भिंगरी शांत झाली. बाकावर डोकं टेकून बसायची. "कायापालट झाला की हो!" बाई म्हणाल्या. आईने ते कारखान्यात चारचौघींना दोनदा सांगितलं.

वर्गातल्या पोरांना मात्र पथ्याचीच गंमत वाटली. मधल्या सुट्टीत एकाने लाल गोळी पुढे केली. "खा, बघू तुला काय होतं."

तिने ती चावून गिळली. काहीच झालं नाही. पोरांचे चेहरे पडले, पुढे केलेली दुसरी गोळी परत खिशात जायला लागली. तशी भिंगरी बाकावर चढली, किंचाळली, गरागरा फिरली. पोरं हसून लोळली. दुसरी गोळी मिळाली. मग हे रोजचंच झालं.

एक दिवस फिरता फिरता तिला भोवळ आली. ती बाकावरून पडली, हनुवटी फुटली. आई धावत आली. तिने जखमेला रुमाल लावायच्या आधी पोरीचा जबडा दाबून तोंड उघडलं आणि लालभडक जीभ अख्ख्या वर्गाला दाखवली.

"बघा! एका गोळीने ही तऱ्हा!"

दवाखान्यात मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी टाके घातले, वजन केलं, काटा तपासून पुन्हा केलं. मग म्हणाल्या, "खात्री करून घेऊ. दहा दिवस रोज एक बाटली रस द्या. काहींत रंग आहे, काहींत नाही. कशात ते तुम्हाला सांगणार नाही. ती कशी वागते ते लिहा."

आई रोज पेन घेऊन समोर बसे. भिंगरी रस पिई, आईच्या चेहऱ्याकडे बघे आणि अंदाजाने उड्या मारी.

अकराव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आईचा कागद वाचला. "सहा दिवस धिंगाणा, असं लिहिलंय तुम्ही. त्यातले चार दिवस रंग नव्हताच. काही मुलांना रंगाचा थोडाफार त्रास होतो, हिला होत असेल असं दिसत नाही. चंचलपणा खरा आहे, त्याला उपचार आहेत. पण आधी पोटभर जेवू द्या."

"मग ती शांत कशी झाली?"

"उपाशी आहे ती. अंगात त्राणच नाही."

रजा काढून आलेल्या बाबांनी भिंगरीला जवळ घेतलं. आईने कागदाची घडी केली, पिशवीत टाकली आणि उठली. "दहातले चार दिवस चुकले असतील. बाकीचे सहा नाही चुकले," जिन्यात ती म्हणाली.

संध्याकाळी बाबांनी धीर केला. ताजा पाव आणि दुधाचा पेला भिंगरीपुढे ठेवला. "खा, बाळा. डॉक्टरांनी सांगितलंय."

पावातून वाफ येत होती. भिंगरीचा हात उठला. आई ओट्याला टेकून उभी होती. ती नुसती बघत राहिली. हात परत मांडीवर आला.

"नको बाबा. मला त्रास होतो."

"कोण म्हणतं?"

भिंगरीने ताटली दूर सारली आणि आईकडे पाहिलं. आईने जवळ येऊन तिच्या केसांतून हात फिरवला. कितीतरी दिवसांनी फिरवला होता.

"बघितलंत?" आई म्हणाली. "तिचं तिला कळतं."

तिने पाव उचलून बाबांच्या हातात दिला आणि भोपळा वाढायला घेतला.