पालथी घातलेली कढई

मी एक जुनी कढई आहे, हळद शिजवायची. शिरड शहापूरच्या अलीकडे एका गावात असते. मित्रांनो, बसा, पण माझ्याकडून गोड गोष्टीची आशा धरू नका.

लोहाराने मला जाड पत्र्याची घडवली. गावाने मिळून केलेली, म्हणून मी कुणा एकाची नव्हते. मला चार कड्या आहेत. दोन वरच्या गल्लीने धरायच्या, दोन खालच्या गल्लीने, अशी रीतच होती. बायका म्हणायच्या, "हिच्यासारखी हळद कशातच शिजत न्हाई!"

पुढे हळद शिजवायचे वाफेचे मोठे कुकर आले आणि मी वरच्या गल्लीतल्या व्यंकटरावांच्या अंगणात पडून राहिले. मग निवडणुकीत दोन्ही गल्ल्यांनी एकमेकांची डोकी फोडली. गावात पोलीस बसले. त्यातच कोरोना आला. रस्ते बंद झाले, भाड्याचा कुकर गावात येईना.

खालच्या गल्लीतल्या शिवकन्याची हळद काढून शेतात पडली होती. तिचा नवरा भागवत कोरोना होऊन हिंगोलीला दवाखान्यात होता. काढलेली हळद वेळेत शिजली नाही तर सडते, आणि त्या हळदीवरच तिच्या घराचं वर्ष होतं. कडेवर लेकरू घेऊन ती व्यंकटरावांकडे आली आणि लांबच उभी राहिली.

"काका, कढई द्या. उचलायला माणसं मी आणते."

"तुमच्या घरात बिमारी हाय. हात लावू नको."

"अवो, हिच्यात पाणीच उकळायचंय. उकळत्या पाण्यात बिमारी जगती व्हय?"

"लई शिकलीस! तुझ्या दिरानं माझ्या पोराचं डोकं फोडलं, तवा कुठं गेलं होतं शिक्षण?"

"म्हंजे भेव बिमारीचं न्हाई, काका. राग हाय तुमचा."

व्यंकटरावांनी पोरांकडून मला पालथी घातली आणि वर दगड ठेवले. मला सरळ केली तर ती परत मागायला येईल म्हणून त्यांनी स्वतःची हळदसुद्धा माझ्यात शिजवली नाही. सडू दिली!

शिवकन्याने अंघोळीच्या पाण्याच्या भगुण्यात थोडी थोडी करून शिजवली. अर्धीच वाचली. बाकीच्या ढिगाला वास सुटला. भागवत घरी आला तेव्हा दावणीची गाय विकलेली होती, आणि लेकराच्या वाटीत दुधाऐवजी भाताची पेज होती.

यंदा म्हणे समझोता झाला. मला रंग देऊन चौकात मांडणार आहेत, 'एकीची कढई' म्हणून.

मित्रांनो, मला रंग देऊ नका. गंज मला डाचत नाही. मला चुलीवर चढवा, आणि ज्याचं तोंड पाहवत नाही त्याची हळद आधी टाका. तेवढं होत नसेल, तर सरळ भंगारात घाला.