अजून न आलेला वाटा

सर्जेरावाने पेनाचं टोपण काढलं आणि पेन रेश्माच्या हातात दिलं.

"सही करायच्या आदी वाच. वकिलीण व्हनार हायस तू. काय चुकलंमाकलं आसंल तर आत्ताच सांग, मागनं भानगड नगं."

रेश्माने लेकीला, छकुलीला, एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि कागद उचलला. इंदापुरात कचेरीसमोर टाइप करून आणलेला स्टॅम्पपेपर. आबांची चार एकर, गट नंबर, चतुःसीमा. 'वडिलांच्या पश्चात मला मिळणाऱ्या हिश्श्यावरील हक्क मी राजीखुशीने, कसलाही मोबदला न घेता, माझे बंधू सर्जेराव यांच्या लाभात सोडत आहे.'

तिची नजर त्या ओळीवरून पुढे सरकेना. पश्चात.

गेल्या आठवड्यात बारामतीजवळच्या जळोचीत, भाड्याच्या खोलीत, दुधाकडे एक डोळा ठेवून, तिने नेमकं हेच पाठ केलं होतं. उद्या वारसाने काही मिळेल ही नुसती आशा. ती कुणाला देता येत नाही की सोडता येत नाही. बाप हयात असताना केलेली अशी सही कायद्याला दिसतच नाही. प्रवेश परीक्षेत हे हमखास विचारतात, असं क्लासचे सर दोनदा म्हणाले होते. आणि ही जमीन तर वडिलोपार्जितही नव्हती. आबांनी कारखान्यात फिटरकी करून स्वतः घेतलेली. ते आबा समोर बाजेवर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते.

एवढं बोललं की झालं. पण मग दादा उद्याच आबांना जीपमध्ये घालून बक्षीसपत्र करायला नेणार. दोन वर्षं तो मागे लागला होता आणि दोन वर्षं आबांचं एकच उत्तर होतं, "जिता हाय तवर माझ्याच नावावर." म्हातारा माणूस. किती दिवस तग धरणार?

आणि सही नाकारली तर? जूनपासून वकिलीच्या शिक्षणासाठी ती पुण्याला राहणार होती. छकुली इथे, वहिनीपाशी. आज सकाळीच वहिनीने पोरीच्या झबल्यांसाठी फडताळाचा एक कप्पा रिकामा करून पुसून ठेवला होता.

"एवढं काय बघतीस? परीक्षा हाय व्हय ही?"

"परीक्षा रविवारी आहे."

सर्जेराव हसला. "मंग? बरोबर हाय का कागद?"

"गट नंबर उताऱ्यावरून एकदा ताडून बघ, दादा."

त्याने खिशातून उतारा काढला, बोट ठेवून आकडा न् आकडा पाहिला. "हाय बरोबर."

रेश्माने सही केली. पूर्ण नाव, माहेरचं कंसात.

"आबा, बघा," सर्जेरावाचा आवाज एकदम मऊ झाला. "पोरगी शिकली, पर बदलली न्हाय."

आबांनी सुपारी तोंडात टाकली. वर पाहिलं नाही.

छकुलीला घेऊन रेश्मा स्वयंपाकघरात गेली. विजयमालावहिनी चहा गाळत होती. छकुलीने तिच्याकडे झेप घेतली आणि वहिनीने तिला सवयीने कडेवर घेतलं.

"बरं झालं बाई," वहिनी हळूच म्हणाली. "मला धीर आला."

"कसला?"

"सोमवारी माझी बी सही हाय. सांगवीच्या जमिनीची, बारामतीला रजिस्टर हापिसात. भाऊ कवाधरनं मागं लागलाय. मी म्हनलं, आदी वन्सं काय करत्यात बघू. तुमी एवढ्या शिकलेल्या, वाचून केलीत. म्हंजी वाईट काय नसंल त्यात."

रेश्माने उचललेला कप पुन्हा बशीत ठेवला. वहिनीचे वडील गेल्या आखाडात गेले होते. दहाव्याला ही सगळी मंडळी सांगवीला होती. ते गेले त्याच दिवशी वहिनीचा वाटा तिचा झाला होता. सात-बारावर नाव चढो न चढो. तिथे हीच सही सगळं घेऊन जाणार होती.

"वहिनी, तुम्ही नका करू."

विजयमाला हसली. "आन् तुमी केली ती?"

बाहेर सर्जेराव आबांना कागद मोठ्याने वाचून दाखवत होता. मध्ये फक्त एक पडदा. छकुली वहिनीच्या मंगळसूत्राशी खेळत होती. रेश्मा एक पाऊल पुढे सरकली.

"माझे आबा अजून आहेत," ती म्हणाली. "म्हणून केली."

वहिनीची गाळणी हातातच राहिली. तिने पडद्याकडे पाहिलं, मग रेश्माकडे. बाहेरचं वाचन थांबलं.

"काय कुजबूज चाललीया गं आत?"

विजयमालाने छकुलीला कडेवर नीट वर सरकवून घेतलं.

"काय न्हाय," तिने आवाज दिला. "वन्सं म्हनत्यात, च्या लई गोड झालाय."