समोर कोणी नसताना

घड्याळाला टेकवून ठेवलेल्या पाकिटावर चहाच्या कपाचं तपकिरी वर्तुळ उमटलं होतं; दाढी करताना अँब्रोज थॅकवेलला ते आरशात दिसत राहिलं. लव्हिनियाचं पत्र. तिच्या फिरत्या नाटक कंपनीत त्याने कितीतरी वर्षं बापांची, पाद्र्यांची, बुडालेल्या सरदारांची कामं केली होती. हिवाळ्याच्या दौऱ्याला येतोस का, एवढंच तिने विचारलं होतं. त्याने उत्तर दिलं नव्हतं. इथे लंडनमध्ये बोलपटवाले त्याला वर्षभर ठेवायला तयार होते, आणि रोज स्वतःच्या खाटेवर झोपता येत होतं... उत्तर द्यायला एवढा वेळ का लागावा, हेच त्याला कळत नव्हतं.

आज स्टुडिओत मरणाऱ्या न्यायाधीशाचा प्रवेश होता, चित्रपटातला शेवटचा. कॅमेरा सुरू झाला. त्याचा आवाज थिएटरातल्या सवयीने वरच्या गॅलरीकडे चढू लागला, तो त्याने ओढून खाली आणला – आणि शेवटच्या वाक्यापाशी थांबला. पुन्हा घेतलं. पुन्हा थांबला.

"आजोबा, वाक्य घरी राहिलं का?" दिवेवाला म्हणाला. दोघंतिघं हसले.

तरुण दिग्दर्शक फॅरो जवळ येऊन हळूच म्हणाला, "मिस्टर थॅकवेल, ही तालीम नाही."

तालमीत नाटकाचं शेवटचं वाक्य कोणी उच्चारत नाही. ते पहिल्या प्रयोगाला, भरल्या थिएटरातच. नाहीतर नाटक पडतं. हे या पोराला कसं सांगायचं?

"समोर कोणी नाही," तो ओशाळून म्हणाला. "जीभ रेटत नाही."

फॅरोने डोक्यावर लोंबणाऱ्या मायक्रोफोनकडे बोट केलं. "त्याला सांगा."

त्याने ते शेवटचं वाक्य म्हटलं. "दार उघडंच राहू द्या." फॅरो "छान" म्हणाला, आणि माणसं दिवे ओढायला लागली. बस्स. काही कोसळलं नाही.

परतताना बसमध्ये तो पोट चाचपत राहिला – पहिल्या प्रयोगाच्या संध्याकाळी तिथे हटकून येणारा गोळा आज आलाच नव्हता. मग इतकी वर्षं मी कशाला भीत होतो? आणि आज भीतच नसेन, तर तिथे कॅमेऱ्यासमोर उभा राहून मी करत काय होतो?

पोस्टाच्या टेबलावर त्याने दोनच शब्द लिहिले – दौऱ्याला येतो – आणि विचार बदलायच्या आत पाकीट लाल पेटीत सोडलं. मग वाटलं, उशीर झाला असेल. तिने कामं वाटूनही टाकली असतील, आणि फॅरोला तर अजून काही सांगितलंच नाही... पोटात काहीतरी हललं. ते निसटू नये म्हणून तो श्वास रोखून तिथेच उभा राहिला.