बंद पडलेली यंत्रे उचलावीत

तळघरातलं भांडार सांभाळणाऱ्या मावशींचा कान इतका तिखट होता, की चौथ्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरचा पंखा कुरकुरला तर त्या जिन्याखालूनच ओरडायच्या, "डावीकडून तिसरा! धुळीनं घसा धरलाय त्याचा, झटका रे कुणीतरी!" आणि झटकणाऱ्याच्या नाकातोंडात हटकून मूठभर धूळ जायची.

तर त्या कार्यालयात नवे साहेब आले आणि त्यांच्या मागोमाग अठरा नवे कॉम्प्युटर. जुने अठरा तळघरात ढकलले गेले. शनिवारी भंगारवाल्याचा ट्रक येणार होता, आणि तो माल कुठे नेतो हे शेंबडं पोरही सांगेल. गावाबाहेरच्या खाणीत नेऊन वायरी पेटवायच्या, तांबं वेचायचं, उरलेलं नाल्यात लोटायचं. तिकडून वारा सुटला की दोरीवरचे पांढरे कपडे करडे होऊन घरात यायचे.

मावशी तडक साहेबांपुढे उभ्या राहिल्या.

"साहेब, माझी सून वाचनालयात बायकांना कॉम्प्युटर शिकवते. एका यंत्रापुढे बारा जणी. एकीनं 'क' दाबेपर्यंत दुसरी घरी जाऊन भात टाकून येते. हे जुने तिला द्या. जे खरोखर गेले असतील, ते यंत्रं सुटी करणाऱ्या कारखान्यात पाठवू. तिथे हातानं खोलतात, जाळत नाहीत."

"आठ वर्षं झाली त्यांना, मावशी. आयुष्य संपलं."

"मला एकोणतीस झाली इथे. माझं काय करताय?"

"शनिवारी ट्रक येईल. विषय संपला."

"मग तसं लेखी द्या."

साहेबांनी फर्रकन कागद ओढला आणि लिहिलं, 'बंद पडलेली सर्व यंत्रे उचलावीत.' मावशींनी तो दोनदा वाचला आणि घडी घालून कमरेला खोचला. त्या हसताहेत हे बघून दारातला शिपाई घाबरून पाणी प्यायला.

पुढचे पाच दिवस मावशींनी पदर खोचला. आधी सगळ्या यंत्रांच्या पोटातली माहिती तीन-तीनदा पुसून काढली. लोकांच्या अर्जांवरचे पत्ते परक्याच्या हाती गेले तर तोंड कुठे लपवायचं? मग बटणाएवढ्या बॅटऱ्या बदलल्या. रॅमच्या पट्ट्यांचे सोनेरी दात खोडरबरानं घासले. इतकी खोडरबरं संपली, की वरून विचारणा आली, कारकून एवढ्या चुका कसल्या करताहेत? एका खोक्यातून पालीची चार अंडी निघाली, दुसऱ्यातून बड्या बाबूंची हरवलेली कवळी. तीन यंत्रं मात्र खरंच गेली होती. त्यांचे चांगले अवयव इतरांना बसवले, उरलेले सुटे करून पेटीत भरले. पंधरा जागी झाली.

शनिवारी भंगारवाल्याचा मुकादम ट्रक घेऊन आला. हा पक्का कागदाचा माणूस. कागदावर लिहिलं असतं तर त्यानं जिनासुद्धा उचलून नेला असता.

"बंद पडलेली," त्यानं वाचलं. समोर पंधरा पडदे लखलखत होते. "मावशी, ही तर चालू आहेत!"

"चालूच आहेत."

"मग बंद कुठली?"

"माझ्याकडे एकही नाही. वर बघ बाबा, असतील तर."

वर सकाळपासून नव्या अठरांचं अपडेट चाललं होतं. पडदे काळेठिक्कर, आणि सगळे कारकून चहाला. मुकादमानं कळा दाबल्या, टिचक्या मारल्या, एकाच्या कानाशी "अहो, उठा!" असंही म्हणून पाहिलं.

"अरेरे," तो हमालांना म्हणाला, "अंगावरची पिशवीसुद्धा निघाली नव्हती. कोवळ्या वयात गेले. उचला."

ट्रक फाटकाशी पोचला तेव्हा साहेब एका पायात बूट घालून धावत आले.

"अरे, ते नवे आहेत!"

"कागदावर नवे-जुने नाही साहेब, बंद लिहिलंय. अक्षर तुमचंच. उतरवायचे तर भांडाराची सही आणा."

"मावशी, करा सही!"

"करते की. आधी तुम्ही करा." मावशींनी कागद पुढे धरला. पंधरा यंत्रं वाचनालयाला. पेटी यंत्रं सुटी करणाऱ्या कारखान्याला. आणि यापुढे चालू करून पाहिल्याशिवाय कुठल्याही यंत्राला मेलेलं म्हणायचं नाही.

"ही अडवणूक आहे!"

"आहेच."

"मी वर तक्रार करीन!"

"खुशाल करा. पण टाइप कशावर करणार? तुमचा कॉम्प्युटर ट्रकमध्ये आहे. खाली माझा एक मोकळा आहे, हवा तर बसा."

मुकादमानं इंजिन सुरू केलं. साहेबांनी दात-ओठ खात ट्रकच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. मावशींनी तो सावकाश वाचला आणि परत दिला.

"तारीख राहिली. आजचीच घाला."

तासाभरात अठरा उतरले, पंधरा चढले आणि पेटी मावशींच्या पायाशी बसली. त्या मुकादमाशेजारी ऐसपैस बसून अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडत होत्या,

"खड्डा चुकव रे मेल्या! मागे पंधरा जण बसलेत!"