गाळपेरीचा बांबू

पाण्यात राहून माझ्या पेरांचा रंग उडाला आहे, मित्रांनो. मी होडी रेटायचा एक जुना बांबू आहे. पेठच्या डोंगरात वाढलो. देवराम होडीवाल्याने मला निफाडच्या बाजारातून आणले, आणि नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यामागचे पाणी माझे घर झाले.

तिथे गोदावरी आणि कादवा भेटतात आणि बरोबर आणलेला गाळ खाली टाकतात. पाणी उतरले की गाळाची बेटे वर येतात, त्यांच्यामधून धारा वाहतात. पण बेट आज इथे, तर पुढच्या साली तिथे. म्हणून देवराम आधी माझ्या टोकाने तळ चाचपायचा, मगच माणसे न्यायचा.

त्या ओल्या गाळात लोक हरभरा पेरतात. सगुणाबाई आणि पुंजा यांच्या तुकड्यांमध्ये एक धार होती. अलीकडचे तिचे, पलीकडचे त्याचे, असा जुना रिवाज. नवरा गेल्यावर सगुणाबाईचे घर त्याच हरभऱ्यावर चालायचे.

सत्त्याहत्तरच्या पावसाळ्यानंतर धार सरकून थेट तिच्या काठाला लागली. सगळा गाळ पुंजाच्या बाजूला गेला.

"धार हीच हद्द. मी थोडीच ढकलली तिला?" पुंजा म्हणाला.

"तू नाय ढकलली. पण तुझ्या पायाखाली माझाच गाळ हाय," सगुणाबाई म्हणाली. "मी काय पाण्यावर पेरू?"

देवराम होडीत तंबाखू मळत बसला होता. "पुंजा, फुडल्या साली धार तुझ्या गोठ्यामागून गेली, तर म्हशी बी मावशीच्या का?"

काठावरची माणसे हसली. पुंजा हसला नाही. तो बेटाच्या पलीकडच्या टोकाला गेला. तिथे पाणी त्याचाच जुना तुकडा खात होते. ढेकळे एकेक करून ढासळत होती. तो बराच वेळ पाहत राहिला. मग येऊन त्याने मला देवरामच्या होडीतून उचलले आणि बेटाच्या मधोमध रोवले.

"मावशी, यंदापासून हा बांबू हद्द. पाण्याचं काय खरं नाय."

"माझ्याकडं जरा जास्तच सरकला वाटतं," सगुणाबाई हसून म्हणाली.

"मंग सरकव की."

तिने मला हलवले नाही. त्या हिवाळ्यात माझ्या दोन्ही अंगांना हरभरा डोलला. डोक्यावर खंड्या येऊन बसायचा. इतका मान मला होडीतही मिळाला नव्हता.

पुढे दरसाल पाणी उतरले की दोघे मिळून गाळ तुडवत आणि मला नव्या जागी रोवत. आता मी फुटलो आहे. तार गुंडाळून मला उभे करतात. मित्रांनो, मला खुशाल चुलीत घाला. फक्त त्याआधी नवा बांबू आणा, आणि तो रोवायला एकट्याने जाऊ नका.