पावसाळी नालीतलं पाणी

शेषेराव कदमांच्या घरासमोरची नाली पावसाच्या पाण्यासाठी बांधलेली होती, पण ती भर मे महिन्यातही वाहायची. नांदेडच्या अमृतनगर कॉलनीत याचं कुणाला नवल वाटत नव्हतं. मोरीचं पाणी, कपडे धुतल्याचा फेस, संडासाच्या टाकीतून उतू जाणारी घाण, सगळं घरोघरच्या पाइपांतून गुपचूप तिच्यात सोडलेलं. नाली पुढे ओढ्याला मिळायची आणि ओढा गोदावरीला. वास आला की लोक खिडक्या लावून घ्यायचे. तुम्ही-आम्ही दुसरं काय करतो?

शेषेराव मूळचे हदगावकडचे. सहकार खात्यातून निवृत्त झाले, घर बांधलं, अंगणात चकचकीत फरशी बसवली. बोलणं रोखठोक आणि ओळखी भरपूर, त्यामुळे कॉलनीचं अध्यक्षपद आपसूक त्यांच्याकडे चालत आलं.

त्या उन्हाळ्यात महापालिकेनं नदीसाठी मोहीम काढली. रस्त्याखाली सांडपाण्याची नवी लाइन टाकून झाली होती. आता प्रत्येकानं आपल्या घराचा पाइप त्या लाइनला जोडायचा, पावसाळी नालीतलं तोंड बंद करायचं. नाली ओढ्याला मिळते तिथं कचरा अडवायला लोखंडी जाळी बसणार होती. हे समजावून सांगत तनुजा भोसले नावाची तरुण अभियंता घरोघर फिरत होती. ती शेषेरावांच्या फाटकाशी आली तेव्हा ते नळीनं अंगण धूत होते.

"काका, तुमचा पाइप नालीत सुटलाय," ती म्हणाली.

"सगळ्यांचाच हाय की. माझाच कशाला बघून राहिलात?"

"सगळ्यांकडं जाणार आहे. तुमच्याकडं आधी आले. तुम्ही केलं तर कॉलनी करील."

पाइप फरशीखालून गेलेला होता. शेषेरावांनी तिच्याकडे हात केला. "ही उखडायची? मागच्या दिवाळीत बसवलीय. अन् एका घराच्या पाण्यानं नदी घाण होते व्हय? एवढी मोठी गोदावरी!"

"उन्हाळाभर ही घाण नालीत अन् ओढ्यात साचत राहते, काका. जोराचा पाऊस आला की सगळी एकदम नदीत ढकलली जाते. शुद्धीकरण केंद्रात जायचं पाणी तिकडं पोचतच नाही. मग आपण केंद्र बांधून काय उपयोग? खालच्या अंगाची गावं याच नदीचं पाणी उपसून पितात."

"त्यांनी उकळून प्यावं."

तनुजानं नालीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी लातूरची. घागरभर पाण्यासाठी माझी आई टँकरच्या रांगेत भांडलेली मी पाहिलीय. तुमच्या गावाला नदी आहे, काका. ज्याच्याकडं आहे त्यालाच ती नकोशी कशी होते, हे मला कळत नाही."

"भाषण नका देऊ, बाई. फरशी निघणार न्हाई!"

खालची गावं म्हणजे बोरवाडीही. शेषेरावांची धाकटी बहीण केवळाबाई त्याच गावात दिलेली होती. पण त्या क्षणी त्यांना बहीण आठवली नाही, फरशी आठवली.

दुसऱ्याच दिवशी कॉलनीतली माणसं घेऊन ते वॉर्डातल्या पुढाऱ्याकडे गेले. ऐन पावसाळ्याच्या तोंडावर घरंदारं खणायची, रस्त्यात चिखल करायचा, म्हाताऱ्याकोताऱ्यांनी चालायचं कुठं, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. पुढाऱ्यानं फोन फिरवला. अमृतनगरची जोडणी पुढच्या वर्षावर गेली. आजूबाजूच्या दोन कॉलन्यांनी हे ऐकलं आणि त्यांनीही तेच केलं. संध्याकाळी शेषेरावांच्या ओट्यावर चहा झाला, कुणी पेढे आणले. शेजारचे ग्यानोबा म्हणाले, "अध्यक्ष असावा तर असा!"

शेषेरावांच्या पत्नी चंद्रकलाबाई कपबशा उचलताना एवढंच म्हणाल्या, "त्या पोरीचं काही चुकत नव्हतं."

पावसाळा आला. ओढा तुडुंब फुगला, अमृतनगरचं सगळं पोटात घेऊन नदीला मिळाला. नाली धुऊन निघाली. लोकांना बरं वाटलं.

श्रावणात एका दुपारी बोरवाडीहून भाच्याचा, शिवशंकरचा, फोन आला.

"मामा, मनिषाला घेऊन निघालोय. डोळे पिवळेजर्द झालेत. सकाळपासून ओळख देऊन नाही राहिली."

मनिषा म्हणजे केवळाबाईची सून. सातवा महिना चाललेला. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात लग्न होऊन आली तेव्हा मामेसासऱ्याच्या घरी दोन दिवस राहून गेली होती. चंद्रकलाबाईंबरोबर सांडगे घालताना सारखी हसायची. शेषेराव सरकारी दवाखान्यात पोचले तेव्हा ती खाटेवर होती, हळदीत बुडवून काढल्यासारखी. शेजारच्या खाटांवरही बोरवाडीचीच माणसं होती.

"गावात घरटी एक कावीळ हाय, दादा," केवळाबाई म्हणाली. "पिऊ नका म्हनतेत. मग प्यायचं काय? नळाला नदीतल्या हिरीचंच पानी येतंय."

डॉक्टरांनी शेषेरावांना बाजूला घेतलं. "घाण पाण्यातून पसरणारी कावीळ आहे. बाकीचे बहुतेक बरे होतील. पण गरोदर बाईला, तेही एवढे महिने भरल्यावर, ही फार वाईट. आम्ही प्रयत्न करतोय."

"डॉक्टरसाहेब, पाण्यात नेमकं काय गेलं?"

डॉक्टर सरळ म्हणाले, "संडासाचं."



बाळ पोटातच गेलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी, केवळाबाई तिचे पाय चोळत बसलेली असताना मनिषाही गेली. शिवशंकर रडला नाही. तो नुसता नर्सला विचारत राहिला, "आता काय करायचं? आता काय करायचं?"

बोरवाडीत मनिषाला माती देऊन परतल्यावर शेषेरावांचं घरात लक्ष लागेना. ते महापालिकेत गेले आणि तनुजासमोर उभे राहिले. तिला बोरवाडीचं सगळं कळलेलं होतं.

"एकच सांगा," ते म्हणाले. "आमच्याच नालीतून गेलं का ते?"

"माहीत नाही, काका."

"तपासता येत न्हाई का?"

"पाणी नदीत मिसळलं की ते कुणाच्या घरचं, हे कोण ओळखणार? तुमचं असेल, पलीकडच्या कॉलनीचं असेल, कदाचित वरच्या एखाद्या गावाचंही. कुणावर बोट ठेवता येत नाही. म्हणून तर सगळे निवांत झोपतात."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसता थकवा होता. शेषेरावांना वाटलं, हिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं! नाही म्हणायला तिनं एक वाट दाखवली होती, दोषातून सुटायची. पण ती वाट त्यांच्याच्यानं धरवेना.

"माझी जोडणी करून द्या," ते म्हणाले. "उद्याच."

"उद्या नाही होणार. मंजुरी पुढच्या वर्षावर गेलीय. नव्यानं मागावी लागेल. तुम्हीच ती थांबवली होती ना?"

ते मान खाली घालून बाहेर आले.

त्यांनी कॉलनीची बैठक बोलावली. मोजकीच माणसं आली. शेषेराव बोरवाडीबद्दल बोलले, मनिषाबद्दल बोलले. लोकांनी हळहळ व्यक्त केली आणि मग एकजण म्हणाला, "लई वाईट झालं, साहेब. पण आपल्या एवढ्याशा पाण्यानं का नदी बिघडते? आधी मोठमोठ्या नाल्यांचं बघा म्हणावं." हे तर शेषेरावांचेच शब्द होते. असल्या बोलण्याला समोरून काहीच उत्तर नसतं, हे त्यांना तनुजाला परतवताना फार उपयोगी पडलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तनुजाच्या कार्यालयात खेटे घालायला सुरुवात केली. तिनंही वरपर्यंत भांडून एका घरापुरती परवानगी काढली. परवानगी हाती आल्यावर शेषेराव आधी बोरवाडीला गेले. केवळाबाई ओसरीवर बसली होती. त्यांनी तिच्यापासून काही लपवलं नाही: मोहीम, तनुजा, फरशी, पेढे.

केवळाबाईनं सगळं ऐकून घेतलं. "त्या पोरीनं तुला सांगितलं होतं, खाली लोकं पितेत म्हनून?"

"हाव."

"अन् तुला म्या आठवली न्हाई?"

शेषेरावांनी नकारार्थी मान हलवली. मग तीच म्हणाली, "म्या आठवली नसते तरी चाललं असतं, दादा. खाली पिनारी मानसं तर व्हती."

फरशी फोडायला माणसं लागली त्या सकाळी ती न सांगता एसटीनं नांदेडला आली आणि अंगणात, चंद्रकलाबाईंनी टाकलेल्या खुर्चीवर न बसता, खाली जमिनीवर बसली. पाइप नालीतून काढून नव्या लाइनला जोडेपर्यंत ती हलली नाही. पाणीसुद्धा प्यायली नाही. शेजारपाजारचे फाटकाशी येऊन विचारत होते, ही बाई कोण? शेषेराव प्रत्येकाला सांगत होते, "बोरवाडीची हाय. माझी बहीण. हिची सून गेली."

ऐकून काहीजण आत निघून गेले. ग्यानोबा मात्र बराच वेळ तिथंच घुटमळले. मग कामावर देखरेख करणाऱ्या तनुजाजवळ जाऊन हलक्या आवाजात म्हणाले, "माझ्याही घराची परवानगी मागा, मॅडम."

तनुजानं मान हलवली. दोन घरं! अमृतनगरात घरं किती, शहरात किती, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाही. केवळाबाई उठली, पदर झटकला आणि दुपारची एसटी पकडायला निघाली. गावात अजून कावीळ होती.

नागरिकहो, ही गोष्ट इथं सुखात संपत नाही. शेषेराव बदलले, पण मनिषा परत आली नाही, आणि येत्या पावसात ओढा पुन्हा आपलं सगळं घेऊन नदीला जाणारच आहे. महापालिका लाइन टाकील, जाळी बसवील, माणसं दारोदार पाठवील. त्या माणसांना फाटकातून परतवणारे आपणच असतो. नदी कुणा एकाच्या हातानं मरत नाही, म्हणून कुणा एकाला शिक्षाही होत नाही. शिक्षा भोगतो तो खालच्या अंगाला राहणारा. आपल्या घरातून निघालेलं पाणी फाटकाबाहेर गेलं तरी आपलंच असतं. ते कुणीतरी पिणार आहे, एवढं कळायला त्यानं आपल्या नात्यातलंच असावं लागतं का?