दाजींना आधीच कळलं होतं

"म्हणजे तुम्हाला आतून काहीतरी जाणवलं होतं, बरोबर?" टीव्हीवाल्या मुलीनं माइक दाजींच्या हनुवटीला जवळजवळ टेकवलाच.

दाजी म्हणाले, "वाटलं होतं."

"काय वाटलं होतं?"

"की हे पडणार."

झालं. तिला हवं ते मिळालं. त्यापुढे दाजी म्हणाले, "पण मला कुठलंही विमान बघितलं की असंच वाटतं हो. डोक्यावरनं गेलं तरी." हे मी माझ्या कानांनी ऐकलं, मी तिथंच कपाटाला टेकून उभा होतो. संध्याकाळी घराघरांत जे दिसलं त्यात हे वाक्य नव्हतं. दाढी वाढलेले, डोळे खोल गेलेले दाजी आणि 'हे पडणार', एवढंच. खाली पट्टी फिरत होती: मृत्यू आधीच दिसलेला माणूस.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभा जन्म लिफ्टच्या दुरुस्तीत गेला. लिफ्टच्या टपावर उभं राहून, अंधारात, बारा-बारा मजले शीळ घालत चढणारा माणूस. पण विमानाचं नाव काढलं की हातपाय गार. मी चिडवायचो, "आयुष्य दोरीला लटकून काढलंत आणि विमानाला कसले घाबरता?" त्यावर म्हणायचे, "लिफ्टचा दोर तुटला तर खालचे जबडे रुळाला धरतात. विमानाला कोण धरणार? तुझा बाप?" माझा बाप म्हणजे त्यांचे सासरेच की! ताई लगेच डोळे वटारायची आणि आम्ही दोघं हसायचो.

माझ्या भाचीचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं, घर बेटावर. तिचे दिवस भरत आले होते आणि नेमक्या त्याच दिवसांत वाऱ्यावादळामुळं बोटी बंद. ताईनं दाजींना दोन तिकिटं काढायला लावली. "तुमची भीती ठेवा गुंडाळून. पोरगी एकटी आहे तिकडं." दाजी आठवडाभर जेवणात नुसते चिवडत बसायचे, पण नाही म्हणाले नाहीत. विमानतळावर सोडायला मीच गेलो होतो.

आत काय झालं ते दाजींनीच नंतर मला सांगितलं, आणि फोनवर भाचीलाही. विमानात बसायला बोलावणं आलं आणि ते संडासात गेले. आतून कडी लावली. ताई बाहेरून दार ठोठावत राहिली. "अहो, चला ना. अहो, ऐकताय ना?" शेवटी दाजी आतून म्हणाले, "तू हो पुढे."

ती झाली पुढे.

मी बाहेर चहा घेत उभा होतो, तर हे महाशय ओल्या तोंडानं दारातून परत येताना दिसले. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येईपर्यंत बसमध्ये मी त्यांना सोडलं नाही. "लेक बाळंत होतेय आणि तुम्ही कड्या लावून बसता? माझ्या बहिणीनं काय काय एकटीनं करायचं?" ते खाली मान घालून ऐकत होते. जिना चढताना वरच्या मजल्यावरून टीव्हीचा आवाज येत होता. दारं उघडी होती आणि सगळे आमच्याकडंच बघत होते. बेट दिसायला लागलं होतं म्हणे, तेवढ्यात विमान समुद्रात कोसळलं. कुणीही वाचलं नाही. ताईचं तर काहीच हाती लागलं नाही. भाचीला त्याच रात्री मुलगी झाली.

पहिले काही दिवस लोक रडायला आले. त्या मुलाखतीनंतर लोक बघायला यायला लागले. हा फरक मला दारातच कळायचा. रडायला येणारा चप्पल काढताना इकडं तिकडं बघत नाही. तळमजल्यावरचे गृहस्थ दुसऱ्याच सकाळी हजर. पुढच्या आठवड्यात मुलगा विमानानं जाणार होता. "काका, नुसता त्याच्या तिकिटावर हात ठेवा. काही वाटलं तर सांगा, नाही वाटलं तर तसं सांगा."

"मला काही कळत नाही हो," दाजी म्हणाले.

"असं म्हणणारे लोकच खरे असतात, काका," ते म्हणाले आणि तिकीट त्यांच्या मांडीवर ठेवलं. दाजींनी ते जळता निखारा पडावा तसं झटकून टाकलं. त्या गृहस्थांनी मुलाचं जाणं रद्द केलं आणि गल्लीभर सांगत सुटले. मग तर काय, रांगच लागली. प्रवासी कचेरीचा मालक धमकी द्यायला आला की तुमच्यामुळं माझं गिऱ्हाईक पळतंय, आणि जाताना हळूच विचारून गेला की बायकोला माहेरी पाठवायचीय, मंगळवार कसा आहे.

आणि याच लोकांची पाठ वळली की जिन्यात दुसरंच बोलणं. "एवढं कळत होतं, तर बायकोला कसं पाठवलं?" "नवराबायकोचं पटत नसेल." "स्वतः बरोबर मागं राहिला की!" हे मी ऐकलं तेव्हा पायरीवर थांबलो. भांडायला वळलो आणि तसाच वर चढून गेलो. खोटं कशाला बोलू, मलासुद्धा त्या दिवसांत दाजींचं तोंड बघवत नव्हतं. माझी बहीण गेली आणि हे राहिले, एवढंच मला दिसत होतं.

मग भाचीचा फोन आला. दाजींना नीट ऐकू यावं म्हणून मी आवाज मोठा केला, तेच चुकलं.

"बाबा, तुम्हाला कळलं होतं?"

"नाही गं बाळ. ते टीव्हीवाले—"

"मी ऐकलंय. तुमच्या तोंडून ऐकलंय. हे पडणार म्हणालात तुम्ही."

"मला भीती वाटत होती गं, नुसती भीती—"

"तुम्हाला कळलं होतं. आणि तुम्ही आईला म्हणालात, तू हो पुढे." ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. "मला फोन करू नका, बाबा. माझ्या मुलीचं नावसुद्धा विचारू नका."

दाजींनी फोन माझ्या हातात ठेवला. मग मला म्हणाले, "भित्रा म्हण म्हणावं तिला. आयुष्यभर म्हण. पण हे नको."

दोन दिवस त्यांनी नंबर फिरवला, तिनं उचलला नाही. तिसऱ्या दिवशी ते दाढी करून माझ्या रंगाच्या दुकानात आले. "मी जातो. तिच्या तोंडावर सांगतो."

"बोटी सुरू होऊ देत की."

"अजून दोन महिने आहेत. तोवर तिचं मन दगड होऊन बसेल. तू येतोस का बरोबर? संडासात जायला लागलो तर धरून ठेव."

विनोद नव्हता तो. मी दुकान बंद केलं.

विमानतळावर आम्ही कोपऱ्यातली खुर्ची धरली, पण लपणार कसं? समोरच्या बाईनं दाजींकडं बघितलं, नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "अहो, ते टीव्हीवरचे काका! आपल्याच विमानात!" बघता बघता गर्दी झाली. दुर्घटनेनंतर त्याच वाटेवर निघालेली माणसं ती, सगळ्यांचे चेहरे आधीच पांढरे पडलेले. दाजींना बघून एकेकाच्या जिवात जीव आला. "काका बसतायत म्हणजे काही काळजी नाही!" कुणी हात मिळवले, कुणी फोटो काढले. एका आजोबांनी तर घरी फोन करून कळवलं, "काही होत नाही आता, ते आहेत आमच्याबरोबर." त्या बाईनं आपलं लहान मूल दाजींच्या मांडीवर बसवलं. दाजींच्या मांड्या इतक्या थरथरत होत्या की मूल हसायला लागलं. त्याला खेळच वाटला.

बोलावणं आलं. मी दाजींचा दंड धरला. रांगेत उभे राहिलो, तिकिटं दाखवली, त्या लांब बोगद्यातून चालत विमानाच्या दारापर्यंत आलो. दारात हवाईसुंदरी हसून नमस्कार करत होती. एक पाऊल राहिलं होतं, एकच! आणि दाजींचे पाय थांबले.

"चला, दाजी."

"नाही रे उचलत."

मी ओढलं. ते दाराच्या कडेला हात लावून तसेच उभे. मागून कुणीतरी विचारलं, "काका, काय झालं?"

"काही नाही," दाजी म्हणाले. "भीती वाटते मला."

हे शब्द मागं मागं कसे गेले ते मी बघितलं. भीती वाटते म्हणतात. त्यांना भीती वाटते! जी माणसं खेटून उभी होती ती मागं सरायला लागली. मग वळली. मग पळायला लागली. कुणाची बॅग कुणाच्या पायात, ती बाई मुलाला छातीशी धरून किंचाळतेय, आधी जाऊन बसलेले आतून बाहेर येतायत, आजोबा खाली पडले तरी कुणी उचलेना.

विमान कंपनीचा साहेब धावत आला. "काका, हात जोडतो, सांगा यांना काही होणार नाही म्हणून."

दाजी वळले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "अहो, मी भित्रा आहे हो! मला काही कळत नाही! मागच्या वेळी मी संडासात लपून बसलो होतो!"

"बघा, बघा," कुणीतरी म्हणालं, "त्यांच्याकडून वदवून घेतायत."

दोन शिपायांनी दाजींना दोन्ही बाजूंनी धरलं. ते माझ्याकडं बघत होते. "तू जा," म्हणाले. "तू जा रे. तू पोचलास ना, की तिला कळेल."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. मी विमानात चढलो. शौर्य वगैरे काही नाही, संतापानं चढलो. त्यांच्यावर, त्या लोकांवर, ताईवरसुद्धा. आत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं राहिली होती. जमीन सुटल्यावर मात्र सगळा संताप ओसरला आणि मला भयंकर भीती वाटली. खाली पाणी दिसायला लागलं तसं मी डोळे मिटून घेतले. इथंच कुठंतरी ताई, असं सारखं मनात येत होतं. पण बाहेर लख्ख ऊन होतं. चहा आला, बिस्किटं आली. विमान थोडं उशिरा, पण अलगद उतरलं.

भाची पलंगावर बसली होती, मांडीवर तान्ही. मला दारात बघून तिनं आधी माझ्या मागं बघितलं.

"बाबा?"

"नाही चढले." मी सगळं सांगितलं. बोगदा, दार, लोकांची पळापळ, सगळं. "अगं, काही कळतबिळत नाही त्यांना. आजही त्यांना तसंच वाटलं की हे पडणार. आणि हा बघ मी. विमानात चहा पिऊन आलोय."

तिनं तान्हीला पलंगावर ठेवलं. मग म्हणाली, "फोन लाव."

दाजी अजून विमानतळावरच्या पोलीस चौकीत होते. घबराट पसरवली म्हणून बसवून ठेवलं होतं. विमान सुखरूप पोचल्याची बातमी तिथं पोचली होती, आणि ज्यांचा प्रवास बुडाला ते सगळे चौकीबाहेर जमले होते. सकाळी ज्यांनी फोटो काढले तेच. मला फोनमधून त्यांच्या शिव्या ऐकू येत होत्या. ढोंगी. थेरडा. बायकोला खाऊन बसलेला. कुणीतरी खिडकीच्या गजावर काहीतरी आपटत होतं. हवालदारानं मोठ्या मेहेरबानीनं दाजींना बोलू दिलं.

"बाबा."

"पोचला का गं मामा?"

"पोचला."

"नीट?"

"नीट."

दाजी मोठ्यानं रडायला लागले. "बघ! बघ, मला काही कळत नाही गं. तुझी शपथ. मी नुसता घाबरलो होतो."

"हो बाबा. पटलं मला."

मी खुर्चीत बसलो. मला वाटलं, मिटलं एकदाचं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला त्या माणसाची दया आली.

भाचीनं तान्हीच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं आणि म्हणाली, "आईलाही भीती वाटत होती, बाबा."

पलीकडं खिडकीचा गज पुन्हा वाजला.

"आदल्या दिवशी फोनवर केवढी रडली. म्हणाली, नुसत्या विचारानं माझे पाय लटपटतायत. पण यांना सांगू नकोस, ते आधीच अर्धे झालेत. म्हणाली, ते आहेत ना बरोबर, त्यांचा हात धरून बसेन."

"मला नाही म्हणाली ती," दाजी म्हणाले.

"नाही म्हणाली."

"दार वाजवत होती नुसती."

"हो."

तान्ही उठली आणि रडायला लागली. भाचीनं फोन पलंगावर ठेवला आणि तिला पाजायला घेतलं. फोन चालूच होता. मी तो बंद करायला हात पुढं केला, तर ती म्हणाली, "राहू दे, मामा." चौकीबाहेरचे लोक हळूहळू पांगले असावेत, कारण फोनमधला गलका कमी होत गेला, आणि मग दाजींचा श्वास ऐकू यायला लागला. त्यांनीही फोन ठेवला नव्हता.